तीनदा सांगायचं

“कुठल्या कायद्यात आहे हे?” प्रमोदिनीताईंनी पुन्हा विचारलं.

अंकुश रामटेके खुर्चीच्या कडेवर बसला होता. बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत तो फिटर होता. अर्धी पाळी टाकून तो तडक सिव्हिल लाइन्समध्ये या वकीलबाईंच्या ऑफिसात आला होता आणि नखांतलं ग्रीससुद्धा अजून निघालं नव्हतं. टेबलावर त्याच्या विद्यार्थिनीने, मोनालीने, पोलिसांत दिलेल्या तक्रारीची प्रत होती. त्यातल्या एका ओळीखाली ताईंनी पेन्सिलने रेघ मारली होती.

“कायदाच हाये तो, मॅडम,” अंकुश म्हणाला. “ब्लॅक बेल्टचे हात म्हंजे हत्यार. पोलिसात नोंद करा लागते. अन् कोणावर हात उचलाच्या आधी तीनदा सांगा लागते, मी ब्लॅक बेल्ट हाये म्हणून. नाही सांगतलं तं डायरेक्ट जेल.”

“कलम कोणतं?”

“कलम तं नाही मालूम. आमचे महादेवराव सर सांगत. वारले ते.”

“म्हणजे कुठे वाचलेलं नाही तुम्ही.”

अंकुशने पिशवीतून एक लॅमिनेट केलेला कागद काढला आणि तो दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे ठेवला. त्याच्या ब्लॅक बेल्टच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स होती ती. खाली कोपऱ्यात पोलीस ठाण्याचा जांभळा गोल शिक्का होता, सत्त्याण्णव सालातल्या तारखेचा. सव्वीस वर्षांचा असताना, इस्त्रीचा शर्ट घालून, आपले हात सरकारदरबारी नोंदवायला तो स्वतःच्या पायांनी ठाण्यात गेला होता. तिथल्या मुन्शीने कागद उलटापालटा केला, शिक्का मारला आणि परत दिला. अठ्ठावीस वर्षं हा कागद लोखंडी कपाटात, पासबुकांच्याही वर ठेवलेला होता.

ताईंनी तो बराच वेळ पाहिला. हसणाऱ्यांतल्या नव्हत्या त्या, पण ओठ जरा आवळावेच लागले त्यांना.

“अंकुशजी, हा आवकचा शिक्का आहे. कागद मिळाला, एवढाच त्याचा अर्थ. तुम्ही लग्नपत्रिका नेली असती तरी हाच मारला असता.”

“मंग नोंद?”

“अशी नोंद नसतेच. ब्लॅक बेल्टला वेगळा कायदा नाही. जो तुम्हाला तोच मला.”

अंकुशने कागद उचलला आणि पुसायचं काही नसताना रुमालाने पुसला. त्याला राग आला होता, पण कोणाचा ते त्याला कळत नव्हतं.

प्रकरण असं होतं. मोनाली एकवीस वर्षांची. इतवारीत एका कापडाच्या दुकानात कामाला. आई पार्वतीबाई, अंगणवाडीत मदतनीस. पोरीने सहाव्या वर्षापासून अंकुशकडे कराटे केलं, दोन वर्षांपूर्वी काळा पट्टा मिळवला आणि यंदा पोलीस भरतीत मैदानी अन् लेखी दोन्ही काढून निवड यादीत नाव आणलं. राहिली होती फक्त चारित्र्य पडताळणी. शेजारच्या गोदामातला एक माणूस महिनाभर तिच्या मागे लागला होता. गेल्या मंगळवारी संध्याकाळी, हातगाड्या अन् टेम्पोंनी गल्ली तुंबलेली असताना, त्याने तिचं मनगट धरलं. तिने एका झटक्यात हात सोडवला. मग पळाली नाही, ओरडली नाही. सरांनी शिकवलं तशी पाय रोवून उभी राहिली आणि खणखणीत आवाजात तीनदा म्हणाली, “मी ब्लॅक बेल्ट आहे.” तो हसला आणि त्याने तिच्या ओढणीला हात घातला. तिने एकच ठोसा मारला. त्याचा जबडा दोन ठिकाणी तुटला.

आता तो दवाखान्यात होता, जबड्याला तारा बांधलेला. त्याच्या भावाने मोनालीवर गंभीर दुखापतीचा गुन्हा नोंदवला होता आणि गल्लीतल्या चौघांनी सांगितलं होतं की पोरीनेच आव्हान दिलं, एकदा नाही, तीनदा. मोनालीने स्वतःच्या तक्रारीतही ते वाक्य अभिमानाने लिहून दिलं होतं. तिला वाटलं होतं, याच वाक्याने आपण सुटणार.

“कायदा साधा आहे,” ताई म्हणाल्या. “नवीन न्याय संहितेत चौतीस ते चव्वेचाळीस ही कलमं. अंगावर कोणी येतंय असं खरोखर वाटलं की स्वतःला वाचवायचा हक्क सुरू होतो. भीती असेपर्यंत तो राहतो. लागेल तेवढंच मारायचं, त्याहून जास्त नाही. आधी सांगा, तीनदा सांगा, असं कुठेही नाही. आणि फक्त स्वतःलाच नाही, दुसऱ्या कोणालाही वाचवायचा हक्क आहे. कलम पस्तीस.”

“दुसऱ्याले बी?”

“कोणालाही. रस्त्यावरच्या अनोळखी माणसालाही.”

“बायकोले?”

“बायको कोणाहीमध्येच आली ना,” ताई जरा त्रासून म्हणाल्या. हा माणूस भलतीकडेच जातोय असं त्यांना वाटलं असणार. “इकडे लक्ष द्या. मोनालीचा हात सुटल्यावर मधे दहा सेकंद गेले. समोरचा वकील म्हणेल, हात सुटला, धोका संपला, मुलगी निघून जाऊ शकत होती. ती थांबली, पवित्रा घेतला आणि ललकारलं. म्हणजे बचाव नाही, मारामारी. ते दहा सेकंद तुमचे आहेत, अंकुशजी. तुम्हालाच जाऊन सांगावं लागेल की ती ललकारी नव्हती. हा खोटा कायदा मी शिकवला, पोरगी तो पाळत होती. हे तपासातच स्पष्ट झालं तर बरं. दोषारोपपत्र गेलं तर पाच-सात वर्षं खटला चालेल आणि नोकरी तर आत्ताच जाईल.”

“चार वाजता बलावलं हाये ठाण्यात.”

“मला जबाबाच्या वेळी आत येता येणार नाही. खरं तेच सांगा. एक प्रश्न नक्की येईल, इतकी वर्षं तपासलं का नाही? त्याचं उत्तर मनाशी धरून जा.”

घरी आला तेव्हा सुभद्रा तयार होऊन बसली होती. निळी साडी, केस चोपून बसवलेले. विहारात वंदनेला जाते तशी.

“तू काहून निघाली?”

“पार्वतीबाई एकली कशी बसन तिथं? तिचे पाय लटलट करून राहिले सकाळपासून.”

“तिथं बाया-मानसाईचं काम नाही. मी येतो अर्ध्या तासात.”

“तिथं मोनाली बाईमानूसच हाये, अन् ते मॅडम बी बाईमानूसच हायेत,” सुभद्रा म्हणाली आणि चपला घातल्या. “जेवता का नाही?”

तो जेवला नाही. गाडी काढली. सुभद्रा मागे बसली, नेहमीसारखी डावीकडे मान करून. डाव्या कानाने तिला कमी ऐकू येतं, म्हणून सगळ्यांशीच ती अशी मान वळवून बोलते.

तो कान दोन हजार चारमध्ये गेला. जरीपटक्याच्या बाजारात, दिवाळीच्या गर्दीत एका माणसाने गाडी मागे घेताना यांच्या स्कूटरला धक्का दिला. सुभद्रा बोलली. ती बोलतेच. माणूस खाली उतरला आणि त्याने तिला दोन थोबाडीत दिल्या, दुसऱ्या थापडेने पडदा फाटला. अंकुश तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. तेहेतीस वर्षांचा, जिल्ह्यात त्या वर्षी कुमितेत, म्हणजे समोरासमोरच्या लढतीत, पहिला आलेला, दोन कौलं एका बुक्कीत फोडणारा. तो म्हणाला, मी ब्लॅक बेल्ट हाये. हात मात्र खालीच राहिले.

दोन दिवसांनी कामठीहून सुभद्राचा भाऊ आला. “दाजी, तुमी तिथंच होते ना? मंग?” असं त्याने विचारलं. तेव्हा कानात कापूस घातलेली सुभद्रा खाटेवरून म्हणाली, “त्याईच्या हाताची सरकारात नोंद हाये. उचलला असता तं नोकरी गेली असती, जेल झाली असती. कायद्यानं बांधेल हायेत हात त्याईचे.” भावाने मान हलवली. त्याला ते पटलं, वर थोडा आदरही वाटला. पुढे सासरी-माहेरी, वस्तीत, जिथे विषय निघाला तिथे सुभद्राने हेच सांगितलं. एकवीस वर्षं ती नवऱ्याची ही वकिली करत आली होती आणि एकदाही हरली नव्हती.

ठाण्याच्या व्हरांड्यात मोनाली आईशेजारी बसली होती. अंकुशला पाहताच ती उठली, टाचा जुळवून वाकली. तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी होती.

“सर, तुमी सांगा त्याईले कायदा. मी सांगून राहिली तं हसतेत ते.”

“बस तू,” अंकुश म्हणाला. त्याला तिच्याकडे बघवेना. इतक्या विश्वासाने कोणी बघितलं की माणसाला आपलाच संशय येतो, आणि इथे तर संशयाला जागाही उरली नव्हती.

तपास एका महिला उपनिरीक्षकांकडे होता, नाशिककडच्या. टेबलाच्या बाजूला एक हवालदार कॉम्प्युटरवर बसला होता. सुभद्रा अंकुशच्या मागोमाग आत आली. मॅडमनी भुवया उंचावल्या.

“या कोण?”

“मिसेस. बाहेर बसते ते,” अंकुश घाईने म्हणाला.

“मले ऐकू कमी येते, मॅडम. बाहेर काही समजत नाही,” सुभद्रा म्हणाली आणि भिंतीकडच्या बाकावर बसली.

“बसू द्या. मधे बोलायचं नाही फक्त,” मॅडम म्हणाल्या.

नाव, वय, धंदा झाला. मग अंकुशने सांगितलं. ब्लॅक बेल्टच्या हातांची पोलिसात नोंद लागते, मारायच्या आधी तीनदा सांगायचं, न सांगता मारलं तर जेल, असं आपण शिकवतो. बेल्टच्या तोंडी परीक्षेत तो प्रश्नच असतो. विहाराच्या सभागृहात रविवारी वंदना झाली, सतरंज्या गुंडाळल्या की चाळीस पोरं एका सुरात उत्तर म्हणतात. मोनालीने ललकारलं नाही, पाठ केलेलं म्हटलं.

“आणि असा कायदा आहे?”

“नाही मॅडम. आज समजलं, नाही म्हणून.”

मागच्या बाकावर काही हललं नाही. अंकुशने वळून पाहिलं नाही.

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. “रामटेके, मी स्पष्ट बोलते. मुलगी चांगली आहे. भरतीत आहे, म्हणजे उद्या आमच्यातच येणार. पण चार साक्षीदार आव्हान म्हणतायत, आणि घटना झाल्यावर आठवड्याने तुम्ही येऊन सांगताय की तो आमच्या वर्गातला नियम. वकिलांनी शिकवलंय का हे?”

“नाही मॅडम. वह्या आणल्या हायेत पोराईच्या. त्यात लिहेल हाये.”

“वह्या रात्रीतूनही लिहिता येतात. पोरं तुमचीच, पालक तुमचेच. बाहेरचं काही आहे? या घटनेच्या आधी हा नियम कोणी खरंच रस्त्यावर वापरला, असं एक तरी उदाहरण सांगा मला.”

पंखा फिरत होता. हवालदाराची बोटं की-बोर्डवर थांबली होती. अंकुशला समजलं की उदाहरण आहे आणि ते याच खोलीत बसलेलं आहे. नाही म्हटलं तरी चालणार होतं. मॅडमनी खांदे उडवले असते, मोनालीची पडताळणी प्रतिकूल गेली असती, पार्वतीबाई रडली असती आणि सगळ्यांनी नशिबाला बोल लावला असता. अंकुश रामटेकेला कोणीच काही म्हटलं नसतं.

“हाये,” तो म्हणाला. “मीच.”

त्याने जरीपटक्याचा बाजार सांगितला. साल सांगितलं, धक्का सांगितला, दोन थोबाडीत सांगितल्या. सुभद्राने तेव्हा घराजवळचं ठाणं म्हणून इथेच अदखलपात्र तक्रार दिली होती, तिच्यात हेच लिहिलेलं असेल, हेही सांगितलं. मॅडमनी एका शिपायाला जुनं रजिस्टर बघायला पाठवलं. मग त्यांनी अंकुशकडे नीट पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच.

“तुमच्या नियमाप्रमाणे तुम्ही तीनदा सांगितलं.”

“हो.”

“तीनदा सांगून झाल्यावर मारायची परवानगी होती ना? त्या मुलीने तीनदा सांगितलं आणि मारलं. तुमचाच नियम.”

“होती.”

“मग?”

वकीलबाईंनी हा प्रश्न सांगितला नव्हता. एकवीस वर्षांत सासऱ्याने, मेव्हण्याने, वस्तीतल्या कोणीच तो विचारला नव्हता. अंकुशने टेबलाची कड धरली.

“भेलो होतो मी, मॅडम,” तो म्हणाला. “कायद्याले नाही. त्या मानसाले भेलो. क्लासमंधी समोरचा मारत नाही ना खरं. त्याचे डोये पाह्यले अन् हातच नाही उचलले गेले.”

तो तसाच पुढे बोलत गेला. आता थांबणं त्याच्याने झालं नसतं.

“महादेवराव सर एकदाच बोलले होते ते, चहा पिता पिता. मजाक केली का खरं सांगतलं, मले आजवर मालूम नाही. परीक्षेत मी टाकलं. त्या बाजारानंतर टाकलं. पोरं म्हनत तं मले बरं वाटे. तपासलं काहून नाही, हे विचारसान तुमी. तपासून मले काय भेटलं असतं? नियम खोटा निंगाला असता तं मी उघडा पडलो असतो.”

हवालदाराने मॅडमकडे पाहिलं. “हे घेऊ?”

“लिहा,” अंकुशच म्हणाला.

शिपाई धुळीने माखलेलं रजिस्टर घेऊन आला. मॅडमनी पान काढलं, बोट फिरवत वाचलं. तक्रार सुभद्राच्या नावाची होती. ‘पती कराटे ब्लॅक बेल्ट असल्याने कायद्याने हात उचलू शकले नाहीत व त्यांनी तसे समोरील इसमास सांगितले’ असं निळ्या शाईत, कोणा जुन्या मुन्शीच्या अक्षरात, जसंच्या तसं होतं. मॅडमनी हवालदाराला त्याचा फोटो घ्यायला सांगितलं.

“आठवड्यापूर्वी बनवलेली गोष्ट नाही ही,” त्या म्हणाल्या. आवाज उतरला होता त्यांचा. “मुलीचं वाक्य आव्हान म्हणून धरता येणार नाही मला. ओढणीला हात घातल्याचं फूटेज दुकानाच्या कॅमेऱ्यात आहे, ते मागवलंच आहे. बघू. वाचून दाखवा यांना.”

हवालदार एका सुरात वाचू लागला. सरकारी मराठीत ती हकीकत दुसऱ्याच कोणाची तरी वाटत होती. “...सदर इसमाने माझे पत्नीस दोन थोबाडीत मारल्या. त्या वेळी मी जवळच उभा होतो. मी त्यास ‘मी ब्लॅक बेल्ट आहे’ असे तीन वेळा सांगितले, परंतु भीतीपोटी...”

“तीन डाव नाही,” सुभद्रा म्हणाली.

सगळ्यांनी बाकाकडे पाहिलं. ती उठली नव्हती. मान डावीकडे वळवून ऐकत होती, हात मांडीवर.

“मधे बोलली, माफ करा मॅडम. पण लिहूनच राहिले तं बरोबर लिहा. तीन डाव नोयतं ते. हे म्हनतच होते. तो गाडीत बसला, गेला, तरी म्हनत होते. लोकं पांगले तरी म्हनत होते. मी रिक्षा केली, याईले हाताले धरून बसवलं, तवा बंद झाले.”

तिच्या आवाजात राग नव्हता, वचपा नव्हता. एकवीस वर्षं जे तिने जपून ठेवलं होतं ते तिने जागेवर ठेवलं, एवढंच. अंकुशला वाटत आलं होतं की घरात हे गुपित फक्त आपल्यालाच माहीत आहे. तिने भावाला, सासरला, सगळ्या वस्तीला दिलेलं ते उत्तर तिला पटलं म्हणून दिलं नव्हतं, हे त्याला पोलीस ठाण्याच्या खुर्चीत बसून समजलं, आणि इतकी लाज त्याला त्या बाजारातही वाटली नव्हती.

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं. “बरोबर आहे हे?”

“बरोबर हाये.”

“काय लिहू मग?” हवालदाराने विचारलं.

“बराच वेळ, असं लिहा,” मॅडम म्हणाल्या.

हवालदाराने ‘तीन वेळा’ पुसलं आणि तिथे ‘बराच वेळ’ टाइप केलं. प्रिंटरमधून दोन कागद आले. अंकुशने ते शेवटपर्यंत वाचले, मग खिशातून पेन काढून टोपण उघडलं.

“सही कुठं करू?”

“साक्षीदाराची सही लागत नाही,” मॅडम म्हणाल्या. “या तुम्ही.”

त्याने टोपण लावून पेन परत खिशात ठेवलं. सुभद्राने बाकावरची पिशवी उचलली होती आणि ती दारात त्याची वाट पाहत थांबली होती.